एकट्याच्या घरी भाचा किंवा पुतणी राहायला येणार असेल तर

तेरवी आटोपली की सतरंजीवर बसलेल्या नातेवाइकांत एक प्रश्न फिरायला लागतो: आता पोराला कोण नेणार? पुष्कळदा सगळ्यांची नजर घराण्यातल्या एकट्या माणसाकडे वळते. लग्न न केलेला मामा, वेगळी राहणारी मावशी, लग्नाला आहेर पाठवून स्वतः न येणारा काका. "तुझ्याकडे जागा आहे, मागे कोणी नाही," एवढ्यावर निर्णय होतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. मीही त्यांच्यातलीच. बहीण आणि भाऊजी गेल्यावर काटोलचा भाचा माझ्याकडे नागपूरच्या मनीषनगरला आला, तेव्हा माझ्या घरात दुसरी उशीसुद्धा नव्हती.

तुम्हाला गप्पिष्ट व्हायची गरज नाही, हे आधीच सांगून टाकते. पण एकटं राहणं तुम्ही निवडलंय, पोरानं निवडलेलं नाही. पुढच्या सगळ्या कामांत हे ध्यानात ठेवा, अगदी कागदपत्रांच्या कामातही.

हो म्हणण्याआधी

सगळ्यांसमोर उत्तर देऊ नका. दोन दिवस मागून घ्या आणि त्यातला थोडा वेळ पोरासोबत काढा, दोघंच. "कुणाकडे राहायचंय तुला?" असं थेट विचारलं की "कुठंही" एवढंच उत्तर येतं. बारीक प्रश्न विचारा. शाळा तीच हवी का? आजीकडे किती दिवसांनी जायचंय? रात्री लाइट सुरू ठेवून झोपतोस का? मग आपलंही खरं सांगून टाका: "मी फार बोलत नाही. संध्याकाळी तासभर मला दार लावून बसावं लागतं. तुझ्यावर रागावले म्हणून नाही." हे आधी सांगितलं नाही, तर बंद दार पाहून पोराला वाटतं की आपलीच अडचण होऊन राहिली.

दुसऱ्या बाजूच्या नातेवाइकांशी तेव्हाच बोला. तुम्ही आईकडचे असाल तर मोठे बाबा, आत्या, आजी. बापाकडचे असाल तर मामा-मावशी. तोंडी होकार सहा महिन्यांत विरतो, विशेषतः मध्ये शेत किंवा प्लॉट असेल तर. कोर्टात त्यांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं कामी येतात. ती मनं मऊ आहेत तोवर करून घ्यावी.

मुलगी असेल आणि तुम्ही एकटे पुरुष असाल, तर आडपडदा न ठेवता दोन गोष्टी करा. तिला आतून कडी लागणारी खोली द्या. घरात एकच खोली असेल तर तुम्ही हॉलमध्ये झोपा. आणि पाळी, डॉक्टर, कपडे अशा कामांसाठी एक बाई ठरवा, पण ती कोण हे मुलीला ठरवू द्या. आत्या जवळची असेलच असं नाही. शेजारच्या काकू किंवा मैत्रिणीची आई जास्त जवळची असू शकते.

कुणीतरी "सरळ दत्तकच घेऊन टाक" म्हणेलच. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल, तशी रूढी असल्याशिवाय, दत्तक घेता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नातेवाइकानं दत्तक घ्यायची वेगळी वाट आहे, पण आईबापाचं नाव आठवणीत असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला त्याची गरज क्वचितच असते. पालकत्वात त्याचं नाव, बापाचं नाव, जात, वारसा काहीच बदलत नाही. माझ्या मते या वयाला तेच योग्य.

पहिला महिना: सिमकार्ड, दाखले, पासबुकं

गेलेल्या दोघांचे मोबाइल आधी ताब्यात घ्या आणि रिचार्ज करत राहा. नव्वद दिवस न वापरलेला नंबर कंपनी बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. त्या फोनमध्ये फोटो असतात, आईचे आवाजी मेसेज असतात, विम्याचे आणि बँकेचे एसएमएस असतात. त्यातून हिशेब कळेल. पण त्यांच्या एटीएम कार्डानं किंवा यूपीआयनं पैसे काढू नका, कितीही नड असो. खातेदार गेल्यावर तो पैसा वारसांचा असतो, आणि उद्या कोर्टात कुणी उलटं बोलायला लागलं तर हीच नोंद पुढे येते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. मृत्यू नागपूर शहरात झाला असेल तर दाखला महानगरपालिकेकडून मिळतो. मनपाचे दहा झोन आहेत, घटना ज्या हद्दीत घडली तिथे चौकशी करा. गावी झाला असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद. प्रती भरपूर काढा, प्रत्येक खिडकी एक ठेवून घेते. नावाचं स्पेलिंग आधार, सातबारा आणि शाळेच्या दाखल्याशी तिथंच ताडून बघा. चूक असेल तर त्याच टेबलावर दुरुस्ती मागा.

मग पासबुकं घेऊन बसा. हे काम आपल्यासारख्यांना जमतं, कुणाशी बोलावं लागत नाही. मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची, आणि २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याची वर्गणी. पहिल्यात कोणत्याही कारणानं झालेल्या मृत्यूला, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. पुष्कळ घरांत हे कुणाला माहीतच नसतं. दावा शक्यतो महिन्याभरात बँकेत द्या. गेलेला माणूस शेतकरी असेल आणि मृत्यू अपघाती असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत दोन लाख आहेत. तालुका कृषी कार्यालयात तीस दिवसांत अर्ज. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा सहा महिन्यांत दाखल करायचा असतो. त्यासाठी पालकत्वाच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही, अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालच्या) मुलातर्फे वादमित्र म्हणून दावा लावता येतो.

खासगी नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: निधीची रक्कम, ईडीएलआय विमा (नोकरीत असताना मृत्यू झाल्यास कमाल सात लाख) आणि अनाथ निवृत्तिवेतन. शेवटचं लोक सोडून देतात. विधवा निवृत्तिवेतनाच्या ७५ टक्के, दरमहा किमान ७५० रुपये, एका वेळी दोन मुलांना, पंचविसाव्या वर्षापर्यंत. रक्कम किरकोळ दिसेल, पण दहा वर्षं येत राहते.

कोर्टाचं काम

आजीनं, गावानं, सगळ्यांनी तुम्हाला पालक मानलं तरी कायद्याच्या लेखी तुम्ही कुणी नसता. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ११ स्पष्ट आहे: नुसतं सांभाळतो म्हणून अज्ञानाच्या मालमत्तेचा व्यवहार कुणालाही करता येत नाही. बँक, विमा, शाळा, कधी कधी हॉस्पिटलही कागद मागतं. तो कागद पालक व पाल्य अधिनियम, १८९० खाली मिळतो. हा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे.

मुलाच्या ताब्याचं आणि सांभाळाचं पालकत्व कौटुंबिक न्यायालयाकडे जातं, मालमत्तेचं जिल्हा न्यायालयाकडे. नागपुरात ते सिव्हिल लाइन्समध्ये आहे. अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. काटोल, नरखेड, उमरेड आपल्याच जिल्ह्यात. मूल वर्धा-चंद्रपूरहून आलं असेल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानं बायका आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

अर्जात मुलाची जन्मतारीख, धर्म, राहण्याचं ठिकाण, जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते, मालमत्ता काय आणि अंदाजे किती हे सगळं येतं. नातेवाइकांना नोटीस निघते. कुणी हरकत घेतलीच तर घाबरू नका, न्यायालय मुलाचं हित पाहतं. कलम १७ मध्ये मुलाचं वय, तुमचा स्वभाव आणि ऐपत, नात्याची जवळीक, गेलेल्या आईबापाची इच्छा असे मुद्दे दिलेत, आणि समजत्या मुलाचं मतही विचारात घेतलं जातं. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलू शकतात. त्याला उत्तरं पाठ करून देऊ नका. पढवलेलं पोर दोन वाक्यांत ओळखू येतं.

ज्याला गर्दीचा त्रास होतो त्याला कोर्टाचा व्हरांडा जड जातो. बोर्डावर आपला नंबर सकाळी पाहून घ्या, अंदाजे केव्हा पुकारा होईल ते वकिलाच्या ज्युनियरला विचारा, पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी ठेवा. उन्हाळ्यात शक्य तर सकाळची वेळ मागा. बाहेर "काम करून देतो" म्हणणाऱ्याशी मात्र अजिबात बोलू नका. इथं माणूसघाणेपणा कामी येतो.

आदेश मिळाल्यावर बंधनंही येतात. मुलाची स्थावर मालमत्ता विकणं, गहाण टाकणं किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देणं न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय चालत नाही. न्यायालयानं सांगितलं तर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे हिशेबही. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: मुलाचा पैसा वेगळा, तुमचा वेगळा, बुटांची पावतीसुद्धा चिकटवलेली.

बापाच्या नावावरच्या शेतात आजीचा हिस्सा आहे, हे विसरू नका. हिंदू वारसा कायद्यात गेलेल्या मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस असते. फेरफार करताना तिचं नाव गाळलं तर पुढची दहा वर्षं भांडणात जातात. मुलाचं नाव सातबाऱ्यावर अ.पा.क. अशी खूण लावून चढतं, म्हणजे अज्ञान, आणि पुढे पालनकर्त्याचं नाव. शहरातला प्लॉट असेल तर आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा, आणि नागपूर सुधार प्रन्यासचा (नासुप्र) असेल तर तिथल्या फाइलीतही वारसांची नोंद करून घ्या.

घर बघायला येणारी मॅडम

अनाथ किंवा निराधार मुलाला कुटुंबातच वाढवण्यासाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे, आता ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं चालते. महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना ४,००० रुपये आहेत. कशात बसतं ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालय किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगेल. त्याच कार्यालयात अनाथ प्रमाणपत्राचंही विचारा. राज्यात शिक्षण आणि नोकरीत अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे.

अर्जानंतर गृहभेट होते. कुणी अनोळखी बाई हॉलमध्ये बसून "घरी कोण कोण येतं?" असं विचारणार या कल्पनेनंच काहींचा अर्ज राहून जातो. राहू देऊ नका. त्यांना पॉलिश केलेलं घर नको असतं. मुलाची झोपायची जागा, अभ्यासाची जागा, जेवण कोण करतं, तुम्ही आजारी पडलात तर काय, एवढं बघतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा, कारण एकट्या माणसाच्या घरातला खरा धोका तोच आहे. किल्लीची एक जोडी शेजारी द्या. दोन नंबर फ्रिजवर चिकटवा. मी वर्षानुवर्षं ज्यांना फक्त लिफ्टमध्ये मान हलवली होती त्या समोरच्या काकूंकडे किल्ली दिली. त्यानंतर त्यांच्याकडून सांबारवडीचा डबा येणं थांबलेलं नाही, आणि भाच्याला ते फार आवडतं.

शाळा

मूल दहावीत किंवा बारावीत असेल तर शाळा बदलू नका. भाच्याची शाळा आम्ही मार्चपर्यंत काटोललाच ठेवली. आठवडाभर आजीकडे, शनिवारी दुपारच्या गाडीनं नागपूर, सोमवारी पहाटे परत. त्याची शाळा आणि दोस्त टिकले, आणि मला घरात दुसऱ्या माणसाची सवय हळूहळू झाली. जमण्यासारखं असेल तर असं टप्प्याटप्प्यानं करा, दोघांच्याही पचनी पडतं. अकरावीचा प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहे. पसंतीक्रम त्याच्याजवळ बसून भरा, त्याच्या वतीनं नको.

जातीचा दाखला आणि पडताळणी हा बापाकडच्या नातेवाइकांशी संबंध टिकवायचा आणखी एक सबळ मुद्दा. पुरावे त्यांच्याच पेटीत असतात. अनुसूचित जातीसाठी १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी १९६१, इतर मागास वर्गासाठी १९६७ च्या आधीच्या वास्तव्याचे आणि जातीचे कागद लागतात: आजोबांचा शाळेचा दाखला, जुना कोतवाल पंजी (गावची जन्ममृत्यूची नोंदवही) उतारा. दहावी झाल्याबरोबर शोधायला लागा.

पंधरा पूर्ण झाल्यावर आधारचं बायोमेट्रिक नव्यानं द्यावं लागतं, त्यात पत्ताही बदलून घ्या. रेशनकार्डावर नाव चढवायचं असेल तर आधी जुन्या कार्डातून कमी केल्याचा दाखला आणा.

पालकसभेला जा. मागच्या बाकावर बसा, बोलू नका, पण जा. वर्गशिक्षकांना एकदाच, शक्यतो लिहून, परिस्थिती कळवा, म्हणजे मराठीच्या तासाला "माझी आई" हा निबंध अचानक समोर येणार नाही.

रोजचं घर

आधी उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि एका कूलरवर दोन खोल्या थंड होत नाहीत. दुसरा कूलर मार्चमध्येच घ्या. पाणी भरायचं काम त्याला द्या. पोरक्या मुलाला सगळे पाहुण्यासारखं वागवतात, त्याला मात्र आपण या घरात कामाचे आहोत हे कळायला हवं असतं.

जेवण तुम्ही आजवर जसं केलं तसं चालणार नाही. एकटा माणूस दुपारचा भात रात्री परतून खातो आणि खूश असतो. वाढतं पोट्टं चार पोळ्यांवर थांबत नाही. स्वयंपाकाची बाई लावा किंवा डब्बा, पण रात्रीचं जेवण एकत्र. बोलणं झालं नाही तरी चालेल. त्याच्या आईच्या हातचं काय आवडायचं ते विचारा, गोळाभात म्हणाला तर आत्याला फोन करून तिची रीत विचारून घ्या. तेवढ्यानं आत्याही जोडलेली राहते.

दोस्त घरी येऊ द्या. इथं आपल्यासारख्यांची खरी परीक्षा. मी वेळ ठरवली: शनिवारी संध्याकाळी हॉल पोरांचा, मी आत, दार लोटलेलं. चपलांचा ढीग, तर्री-पोह्यांच्या पुड्या, मोबाइलवर ओरडून ओरडून खेळणं, सगळं त्या वेळात. बाकी दिवशी शांतता. वेळ ठरलेली असली की आवाज सोसता येतो. मारबतीच्या मिरवणुकीला तो मित्रांसोबत महाल-इतवारीत जाईल. तुम्ही जायलाच हवं असं नाही, परतायची वेळ आणि सोबत कोण एवढं विचारा. तुमची गर्दीची भीती त्याला शिकवू नका.

नातेवाइकांचे फोन त्याला तुमच्यामार्फत यायला नकोत. त्याचा त्याला फोन, आजीशी रोज बोलायचं असेल तर रोज. तुम्हाला फोनची धास्ती असेल तर रविवारचा एक फोन आणि बाकी मेसेज असं सगळ्यांना सांगून टाका, लोक समजून घेतात.

दुःख कसं दिसतं

या वयात ते रडण्यातून कमीच दिसतं. दुपारी दोनपर्यंत झोप, क्षुल्लक गोष्टीवर भांडी आपटणं, गणितात एकदम खाली येणं, किंवा उलट, अति शहाण्यासारखं वागणं. शेवटच्याकडे जास्त लक्ष द्या. घरातून काढतील या भीतीनं काही मुलं महिनोन्‌महिने एकही हट्ट करत नाहीत. "तू इथंच राहणार आहेस" हे कोर्टाचा आदेश दाखवून सांगा. माझ्या अनुभवात त्या कागदाचा पोरावर आपल्या शब्दांपेक्षा जास्त परिणाम होतो.

पितृपक्ष, पहिली दिवाळी, त्याचा वाढदिवस. काय करायचं ते आठवडाभर आधी विचारा. काहीच नको म्हणाला तर काहीच नको, पण त्या दिवशी घरी राहा.

जेवण सुटलं, झोप पूर्ण उडाली, स्वतःला इजा करायची भाषा आली, तर थांबू नका. मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, मिहानमध्ये एम्स आहे. रात्री-अपरात्री टेलीमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मुलांसाठीची १०९८ चोवीस तास सुरू असते. टेलीमानसवर तुमचंही बोलून घ्या. आपल्याला बहीण गेल्याचं दुःख करायला वेळच मिळालेला नसतो.

गाडी

सोळाव्या वर्षी मोपेडचा विषय निघतो. वर्गातले सगळे चालवतात, हे खरंच आहे. पण सोळाला फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या. अज्ञान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. त्यापेक्षा मेट्रोचं कार्ड आणि सायकल.

अठरा पूर्ण होताना

न्यायालयानं नेमलेलं पालकत्व अठराव्या वाढदिवशी संपतं. सहा महिने आधी वही काढा, हिशेब जुळवा, मुदत ठेवी कोणत्या तारखेला मोकळ्या होतात ते त्याला दाखवा. बँकेत अज्ञान खात्याचं सज्ञान खात्यात रूपांतर होतं, नवी केवायसी आणि त्याची सही लागते. मालमत्तेचं पालकत्व असेल तर वकिलामार्फत अंतिम हिशेब सादर करून मोकळं व्हा. सातबाऱ्यावरचं अ.पा.क. आपोआप निघत नाही. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. तो अर्ज त्यालाच लिहू द्या, आणि तो द्यायला काटोलला एकट्यालाच जाऊ द्या.